पंचविसावी ओळ

१

निवेदिताच्या सासूबाई पुण्यात सगळ्यांना सांगायच्या की आमची सून न्यूझीलंडला जज्ज आहे. त्यात सासूबाईंची काही चूक नव्हती. निवेदिताच्या हुद्द्याचं नावच ॲडज्युडिकेटर होतं, आणि शब्दकोशात पाहिलं तर त्याचा अर्थ निवाडा करणारा असाच निघतो. प्रत्यक्षात ती ऑकलंडच्या पेनरोज भागात टायरच्या एका गोदामावर, पहिल्या मजल्यावर, हीटरला पाय लावून बसायची आणि जुन्या कागदांवरची भांडणं मिटवायची.

तिची कंपनी जगभरातली हस्तलिखित दप्तरं कॉम्प्युटरवर चढवून द्यायची. पद्धत साधी होती. प्रत्येक पान दोन माणसं आपापल्या घरी बसून वेगवेगळं टाइप करत. एकाचं काम दुसऱ्याला दिसत नसे. दोघांचं जुळलं, की ते खरं. नाही जुळलं, तर पान निवेदिताकडे येई आणि ती म्हणेल ते खरं. त्यावर अपील नाही.

जूनपासून दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या यादवी युद्धाचं एक दप्तर आलं होतं. सैन्यातून पळालेल्या माणसांच्या याद्या. त्यात शौर्य, बलिदान असलं काही नव्हतं. छापील तक्ता, पानावर चोवीस आडव्या ओळी, एका ओळीत एक माणूस. वय, उंची, डोळे, केस, धंदा, अंगावरच्या खुणा, कुठून पळाला, सध्या कुठे आहे आणि शेवटी शेरा. पळालेल्याला हुडकून आणायला जेवढं लागतं तेवढंच. कुणा कारकुनानं सुबक अक्षरात हजारो माणसं अशी भरून ठेवली होती. निवेदिताला त्या अक्षराचं कौतुक वाटायचं.

जुलैतल्या एका मंगळवारी एकशे अठरावं पान तिच्याकडे आलं. मतभेद एकच होता. पंचविसाव्या ओळीत ‘सध्या कुठे आहे’ या रकान्यात एकीनं ‘अवाच्य’ लिहिलं होतं आणि दुसऱ्यानं ‘रिकामं’. असले मतभेद दिवसाला पन्नास यायचे. तिनं सवयीनं पानाचं चित्र उघडलं आणि खाली सरकवलं.

पान चोविसाव्या ओळीला संपत होतं. पुढे नुसता कोरा समास.

२

दोघंही एकच चूक करतील, हे निवेदिताला पटेना. तिनं वेलिंग्टनजवळ जॉन्सनव्हिलला फोन लावला. ‘अवाच्य’ लिहिणाऱ्या श्यामलाताई तिथं राहायच्या. चाळीस वर्षं फार्मसीत डॉक्टरांची अक्षरं वाचून निवृत्त झालेल्या बाईला न वाचता येणारं अक्षर जगात उरलं नव्हतं.

“अगं आहे की पंचविसावी ओळ,” श्यामलाताई म्हणाल्या. “तळाशीच आहे. उलट बाकीच्यांपेक्षा सुवाच्य. फक्त पत्त्याच्या जागी शाई ओली असल्यासारखं दिसतंय. म्हणून मी अवाच्य टाकलं.”

“काय लिहिलंय ओळीत?”

“थांब, चष्मा लावते. नाव नाही. वय चौतीस. उंची पाच फूट सहा इंच. डाव्या हाताच्या करंगळीचं पेर नाही. पहाऱ्यावरून पळाला. शेरा, ‘खांबावर कोट टांगून गेला’. हुशार दिसतोय मेला!” मागून कसला तरी आवाज झाला तशा त्या वळून ओरडल्या, “अहो, दार उघडं टाकू नका! मोहन पत्रपेटी बघायला चालले बरं का. दिवसातून सहा वेळा बघतात. सकाळची बघितलेली दुपारी आठवत नाही. बरं, तू पाठवलेला चिवडा पोचला हो. छान झालाय.”

निवेदितानं फोन ठेवला. हॅमिल्टनला राहणारा दुसरा टायपिस्ट मकरंद यालाही तिनं ईमेल करून विचारलं. त्यानं लगेच उलट टपाली तीच ओळ पाठवली. करंगळी, पहारा, कोट, सगळं शब्दाला शब्द.

निवेदिताला घाम फुटला. तो हीटरचा नव्हता.

३

तिचा दीर धैर्यशील चौतीस वर्षांचा होता. डाव्या करंगळीचं वरचं पेर नव्हतं. तीन महिन्यांपासून तो टाकानिनीला तिच्या घरी राहत होता.

आखातात सिक्युरिटीची नोकरी आहे, असं सांगून एजंटानं त्याला नेलं होतं आणि तिथून कुठल्याशा तिसऱ्याच देशात उतरवलं. त्या देशात यादवी चालू होती. हातात बंदूक देऊन त्याला एका फौजेत उभं केलं. अकरा महिन्यांनी तो पळाला. कसा, कुठून, किती हातापाया पडून तो ऑकलंडपर्यंत पोचला, हे त्यानं एवढ्या तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं होतं की नीट जुळतच नसे. निवेदिताचा नवरा शार्दूल हॉस्पिटलात नर्स होता. त्यानं वकील गाठून आश्रयाचा अर्ज तयार करायला दिला होता. तोपर्यंत हा माणूस कुठे आहे हे कुणाला सांगायचं नाही, अशी घरात सक्त ताकीद होती. सात वर्षांच्या लेकीला, ऋग्वेदालासुद्धा.

कोटाची गोष्ट मात्र त्यानं फक्त निवेदिताला सांगितली होती. एका दुपारी मटार सोलताना, अगदी सहज.

“पहाऱ्याच्या जागी एक खांब होता, वहिनी. त्यावर कोट चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली, वर टोपी ठेवली. लांबून वाटावं माणूस उभा आहे. तीन तास कुणाला पत्ता नाही. त्या कोटाची हजेरी लागली, बोला!” तो हसला होता. मग हसू जिरलं. “तिथं एक लेखनिक होता. फळीला कागद लावून फिरायचा. माणूस मेला तर त्याला काही वाटायचं नाही, मेलेला यादीत बसतो. पण पळाला की आकडा कमी पडायचा. मग तिघं जायचे आणि कुठल्या तरी गावातून एकाला उचलून आणायचे. कोण का असेना. म्हातारा, आजारी, काहीही. आकडा भरला की झालं. मीसुद्धा तसाच भरलेला. पहिला महिनाभर मी दुसऱ्याच कुणाच्या नावाला ‘हजर’ म्हणत होतो.”

त्या मंगळवारी घरी आल्यावर निवेदितानं शार्दूलला सगळं सांगितलं. तो ड्यूटीवरून नुकताच आला होता, डोळे तांबारलेले.

“अगं, त्या युद्धात लाखभर माणसं पळाली असतील. एकाची करंगळी तुटलेली असणारच. कोट टांगणं ही काय धैर्याचीच अक्कल आहे का?”

हे म्हणणं रास्त होतं. निवेदितानं ते दोन-तीनदा मनात घोळवलं. पण मग पान चोविसालाच का संपतं, याचं उत्तर त्यात नव्हतं.

४

तिनं ‘रिकामं’ असा निवाडा देऊन पान बंद केलं.

बुधवारी ती ओळ एकशे एकतिसाव्या पानाखाली आली. पत्त्याच्या रकान्यात श्यामलाताईंचं ‘समुद्रापार’, मकरंदचं ‘अवाच्य’. गुरुवारी एकशे चव्वेचाळिसाव्या पानाखाली. मकरंदचं ‘दक्षिणेकडे, बेटावर’, श्यामलाताईंचं ‘अवाच्य’. शुक्रवारी ‘भावाच्या घरी, नव्या वस्तीत’. प्रत्येक वेळी निवेदितानं चित्र उघडलं आणि प्रत्येक वेळी खाली कोरा समास. तिनं प्रत्येक वेळी ‘रिकामं’ लिहिलं आणि पान मिटवलं.

सोमवारी टीम लीड अरोहा तिच्या टेबलाशी कॉफी घेऊन आली. अरोहा मोठी प्रेमळ बाई, पण आकडे चुकले की तिला झोप येत नसे.

“किया ओरा, निवी,” तिनं माओरीत नमस्कार केला. “एक रो सारखी बाउन्स होतेय. क्लायंट म्हणतो, पकडला नसेल तर पत्ता रिकामा चालणार नाही. काहीतरी ठरव ना. यू आर द जज, ईह?”

“पण ती ओळ पानावर नाहीच आहे, अरोहा.”

“दोघांनी टाइप केलीय ना? मग आहे.” ती हसली. “स्वीट ॲज, टेन्शन नको. उद्यापर्यंत बंद कर, प्लीज.”

कंपनीचा नियमच तसा होता. दोघांचं जुळलं की ते खरं. हा नियम नव्या मुलांना निवेदिता स्वतः शिकवायची.

५

त्या दुपारी ती लवकर घरी आली. टाकानिनीच्या त्या नव्या भागात सगळी घरं एका साच्यातली. तीच करडी छपरं, त्याच पत्रपेट्या. समोर तीन प्लॉट अजून मोकळे होते. मातीत खुंट्या ठोकून दोऱ्या बांधलेल्या. वारा दक्षिणेचा, हाडात शिरणारा.

धैर्यशील ओट्याशी कांदा चिरत होता. ऋग्वेदा खिडकीपाशी चित्र काढत होती.

“मम, हू आर दोज गाइज?”

“कोण गं?”

“अक्रॉस द रोड. दे आर काउंटिंग हाउसेस.”

निवेदितानं पडदा बोटभर बाजूला केला. मोकळ्या प्लॉटवर तीन माणसं उभी होती. इतक्या थंडीत अंगात नुसते शर्ट. कौन्सिलचे असतील, मोजणीवाले असतील, ती मनाशी म्हणाली. पण मोजणीवाले पिवळी जॅकिटं घालतात, आणि त्यांच्याजवळ निदान एखादी गाडी तरी असते. मधल्याच्या हातात फळी होती. तो बोट उचलून एकेका घरावर नेत होता. शेवटच्या घरापर्यंत गेला, थांबला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. ज्याचा हिशोब एकानं चुकतो तो असाच मोजतो. त्याचं तोंड तिच्याकडे होतं, पण तोंड कसं होतं हे तिला नंतर कितीही आठवूनही सांगता आलं नसतं.

मग ते चालू लागले. बाहेर खडी पसरलेली होती. तिघांचे सहा पाय, आणि आवाज मात्र एकाच माणसाचा.

मागे सुरीचा आवाज थांबला होता. धैर्यशील खिडकीकडे पाठ करून उभा होता. त्याला काही दिसणं शक्य नव्हतं. कांद्यावर सुरी तशीच टेकलेली.

“वहिनी,” तो हळूच म्हणाला, “कोण चालतंय?”

“कौन्सिलवाले,” ती म्हणाली. “तू चीर.”

आवाज कोपऱ्यापर्यंत गेला. तिथं थांबला. दूर गेला नाही, नुसता थांबला.

६

मंगळवारी सकाळी ओळ एकशे ब्याऐंशीव्या पानाखाली होती. या वेळी श्यामलाताई आणि मकरंद यांच्यात फक्त घराच्या नंबराचा फरक होता. रस्ता दोघांनी एकच लिहिला होता. तो टाकानिनीचा होता. तो तिचा होता.

एकाचा नंबर अठरा, एकाचा अठ्ठावीस. निवेदिता अठ्ठावीसमध्ये राहायची.

आता ‘रिकामं’ चालणार नव्हतं. निवाडा दिला नाही, तर ओळ उद्या परत येणार आणि उद्या दोघांचं जुळणार. जुळलं की पान तिच्याकडे येणारच नाही, थेट खरं होऊन जाईल. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. गेली सहा वर्षं ती हेच काम करत होती.

ॲडज्युडिकेटरला एक तिसरी सोय असते. दोघांचंही चूक, असं म्हणून आपलं स्वतःचं लिहायची. निवेदितानं ती उघडली. कर्सर लुकलुकत राहिला. लांबचं काहीतरी लिहायचं, एवढंच तिला कळत होतं. वेलिंग्टनकडचं. या घरापासून सहाशे किलोमीटर तरी लांब. खोटा पत्ता लिहायला डोकं लागतं आणि तिचं डोकं त्या वेळी चालत नव्हतं, हात चालत होता. दर पंधरा दिवसांनी चिवड्याच्या पाकिटावर जो पत्ता तो हात लिहायचा, तोच त्यानं लिहिला.

लिहून झाल्यावर तिनं तो वाचला. पुसायला तिला वेळ होता, ही गोष्ट तिनं पुढे कधी नाकारली नाही. चांगली दोन मिनिटं ती पाहत बसली. तिथं दोन म्हातारी माणसं राहतात, ती मनाशी म्हणाली. मोहनराव बहात्तर वर्षांचे, सहा फूट उंच, दहाही बोटं धड. येतील, पाहतील, हा नव्हे म्हणतील, जातील. धैर्यशीलनं मटार सोलताना काय सांगितलं होतं, ते तिला त्या दोन मिनिटांत एकदाही आठवलं नाही, असं म्हणायला तिला फार आवडलं असतं.

तिनं बटण दाबलं.

७

बुधवारी समोरच्या प्लॉटवर कुणी नव्हतं. धैर्यशील कितीतरी दिवसांनी शिट्टी वाजवत होता. ऋग्वेदाला तो मराठीत कोडी घालत होता आणि ती इंग्रजीत उत्तरं देत होती. शार्दूल म्हणाला, “बघ, उगाच जिवाला घोर लावून घेतलास.” निवेदितानं त्या रात्री पोटभर झोप काढली. याची लाज तिला नंतर वाटली.

गुरुवारी साडेबाराला श्यामलाताईंचा फोन आला.

“अगं, कंपनीनं माणसं पाठवलीत का कुणी? पत्रपेटीपाशी तिघं उभे आहेत सकाळपासून. मी विचारलं, काय हवंय? बोलतच नाहीत. बिचारे थंडीत कुडकुडत असतील म्हणून चहा घेऊन जाणार होते, तर मोहन म्हणाले मी विचारतो. त्यांना तर माणसं आली की आनंदच.”

“नका जाऊ देऊ!” निवेदिता एवढ्या मोठ्यानं म्हणाली की अरोहानं वळून पाहिलं. “ताई, दार लावून घ्या. मोहनकाकांना आत घ्या. आत्ता. पोलिसांना फोन करा.”

“पोलीस? अगं, उभेच तर आहेत.” पण त्यांचा आवाज उतरला. “बरं बाई, घेते आत.”

निवेदितानं फोन ठेवला तेव्हा समोरच्या स्क्रीनवर एक पान येऊन पडलं होतं. दोनशे सहावं.

८

चित्र तिनं उघडलं, आणि या वेळी तळाशी ओळ होती. पंचविसावी, छापील तक्त्याच्या खाली, त्याच सुबक अक्षरात. पण एका ओळीवर दुसरी ओळ लिहिल्यासारखी. नजर जिथं ठरवावी तिथं दुसराच शब्द वर यायचा.

पत्त्यावर आता भांडण नव्हतं. दोघांनीही जॉन्सनव्हिल लिहिलं होतं. भांडण बाकी सगळ्यावर होतं. वय, मकरंदचं चौतीस, श्यामलाताईंचं बहात्तर. उंची, मकरंदची पाच फूट सहा, श्यामलाताईंची सहा फूट. केस, काळे आणि पांढरे. खूण, डाव्या करंगळीचं पेर नाही, आणि विसराळू. श्यामलाताई दिसेल ते टाइप करायच्या. सकाळी टाइप करताना आपण कुणाचं वर्णन लिहितोय, हे त्यांच्या ध्यानातही आलं नसणार.

शेवटचा रकाना दोघांचाही सारखाच होता. ‘ताब्यात घेतला.’

म्हणजे घेतलाच होता. कोणाला, एवढंच तिनं सांगायचं होतं.

तिनं स्क्रीन बंद करून पाहिला. चालू केल्यावर पान तिथंच होतं. तिसऱ्या सोयीचा चौकोन या वेळी नव्हताच. डावीकडे मकरंदचा चौतीस वर्षांचा माणूस, उजवीकडे श्यामलाताईंचा बहात्तरचा. निवेदितानं शार्दूलला फोन लावला, तो उचलला गेला नाही. मग घरी लावला.

“बोला वहिनी.” मागे कुकरची शिट्टी होत होती. “भात लावलाय. बाहेर कोणी तरी आलंय वाटतं, दारात पावलं वाजतायत. उघडू का?”

“नको,” निवेदिता म्हणाली. “थांब. फोन चालू ठेव.”

तिनं वयाच्या रकान्यात उजवीकडचं निवडलं. मग उंची. मग केस. मग खूण. चार वेळा बटण दाबावं लागलं आणि चारही वेळा तिला माहीत होतं आपण काय करतोय. पान हिरवं झालं आणि मिटलं. दीड वाजला होता.

“गेले वाटतं,” धैर्यशील फोनवर म्हणाला. “वाराच असेल.”

९

श्यामलाताईंचा फोन पाचला आला. निवेदिता स्वयंपाकघरात उभी होती. शार्दूल हात धूत होता. तिनं फोन उचलला, कारण न उचलणं तिला जमलं नाही.

“निवेदिता, मोहन कुठं गेलेत गं?” आवाज अगदी साधा होता, रडायच्या आधी असतो तसा. “तू सांगितल्यावर मी त्यांना आत घेतलं होतं, खरंच घेतलं होतं. दीडच्या सुमाराला म्हणाले, एकदा पेटी बघून येतो. ते तिघं गेले होते, म्हणून म्हटलं जाऊ दे. मी खिडकीतून बघत होते. उभे होते पेटीपाशी. मी हाक मारली, तर वळले नाहीत. म्हटलं, असेल मूड. राहू देत थोडं वाऱ्यावर. चहा केला, तेव्हाही उभेच. साडेचार वाजले, म्हणून शाल घेऊन गेले.” त्या थांबल्या. “नुसता कोट होता गं. खांबावर. गळ्यापर्यंत बटणं लावून, वर त्यांची टोपी. तीन तास मी कोटाकडे बघत बसले होते.”

“पोलिसांना कळवलंत?”

“कळवलं. ते म्हणाले, विसरभोळे असतात या वयात, सापडतील. सापडतील ना गं? तूच म्हणाली होतीस दार लावा म्हणून. तुला कसं कळलं होतं?”

निवेदिता काहीतरी म्हणाली. काय, ते तिचं तिलाही ऐकू आलं नाही. फोन ठेवून ती वळली, तर धैर्यशीलनं टेबल मांडलं होतं. तिच्याकडे न पाहता तो पेल्यांत पाणी ओतत होता. कोट हा शब्द त्यानं फोनमधून ऐकला होता.

“वहिनी,” तो म्हणाला, “कोण गेलं?”

ती टेबलापाशी आली आणि तिनं ताटं मोजली. शार्दूल, ऋग्वेदा, धैर्यशील, ती. चार होती. तिनं परत एकदा पहिल्यापासून मोजली. आकडा बरोबर होता.